लेझीमची लय कुणाच्या हातात?

गणेश विसर्जनाच्या दिवशी राजाबाजारातल्या संस्थान गणपतीपासून गुलमंडीपर्यंत आपल्या शहरात पाय ठेवायला जागा नसते. लेझीम पथक आलं की लोक म्हणतात, 'काय स्पीड आहे!' माझी तक्रार नेमकी ह्या कौतुकाबद्दल आहे.

लेझीम नुसतं वाद्य नाही, व्यायामाचं साधनही आहे. लाकडी दांडा, त्याला लोखंडी साखळी, साखळीत चकत्या. हात उघडला की साखळी ताणते, मिटला की सैल पडते. आवाज निघतो तो ह्या उघडझापीतून. 'चार आवाज' ह्या प्रकाराचं नावच सांगतं की हालचाल आणि ठोका वेगळे नाहीत. लय फार चढली की हात पूर्ण उघडतच नाही. नुसतं मनगट हलतं, छुमछुम चालू राहते आणि लांबून बघणाऱ्याला वाटतं, सगळं ठीक आहे. ठीक नसतं.

आता बैठक बघा. मिनिटाला 120 ठोके, म्हणजे एका ठोक्याला अर्धा सेकंद. शरीर अगदी सैल सोडलं तरी एक फूट खाली यायला पाव सेकंद लागतो. सावरायला उरतो पाव. लय 160 वर नेली तर सावरायला त्याच्या निम्माच वेळ. पृथ्वी काही हलगीचं ऐकत नाही! (हशा) मग मुलं गुडघे जरासे वाकवतात, तेवढीच बैठक.

अमेरिकेत न्यू इंग्लंडकडे समोरासमोर रांगा करून कॉन्ट्रा नाच करतात. 64 ठोक्यांचं एक आवर्तन, चाल साधारण 110 ते 120. चांगला वादक तिथे पावलांकडे बघून वाजवतो, कारण जोडीदाराबरोबर गिरकी घेऊन जागेवर यायला तेवढा वेळ हवाच. आपला हलगीवाला बघतो गर्दीकडे. गर्दी ओरडली की हा चढतो, आणि शिट्टीवाला मास्तरही त्याच्यामागे धावतो. डीजेचं तर बोलायलाच नको, त्याला डोळेच नाहीत.

शेवटाकडे लय चढवू नये असं मी म्हणत नाही, त्यात मजाच आहे. पण सुरुवातच टोकावर केली तर चढणार कुठे? आणि स्पर्धांचे परीक्षकही वेगाला गुण देऊन हेच वाढवतात, हे स्पष्ट बोललं पाहिजे. 'पवित्रा' किंवा 'दो रुख' सावकाश, पूर्ण घेऊन दाखवायला जास्त ताकद लागते.

पुढच्या वर्षी पथक समोरून जाईल तेव्हा आवाज सोडा, फक्त कोपरं बघा. ती सरळ होतायत का?