ऑलिव्हर, फॅगिन आणि एका वाचक स्त्रीचे पत्र

चार्ल्स डिकन्सची ‘ऑलिव्हर ट्विस्ट’ ही कादंबरी १८३७ ते १८३९ या काळात ‘बेंटलीज मिसेलनी’ या मासिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. शाळेत तिचा संक्षेप वाचलेल्यांना वाडगा पुढे करून आणखी पेज मागणारा यतीम मुलगा तेवढा आठवतो. मोठेपणी, संसाराचे आणि पोटापाण्याचे टक्केटोणपे खाल्ल्यावर संपूर्ण कादंबरी हाती घेतली की मन ठिकठिकाणी अडते. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या कारखानदारीच्या पट्ट्यात राहणाऱ्या वाचकाचे तर जरा अधिकच अडते. असे अडणे मोकळेपणाने बोलून दाखवावे, कारण त्यातूनच कादंबरी कळत जाते.

पहिली अडचण नावाची. ऑलिव्हरला जन्म देताच त्याची आई मरते. मग बंबल नावाचा पॅरिशचा कारभारी अक्षरांच्या क्रमाने त्याचे नाव ठेवतो. आधीचे मूल ‘एस’चे म्हणून स्वबल, हे ‘टी’चे म्हणून ट्विस्ट. पुढे येणाऱ्या अनाथांची नावेही त्याने तयार ठेवली आहेत. वाचताना आपण हसतो आणि लगेच ओशाळतो. पुणे-नाशिक रस्त्यावरच्या ढाब्यावर किंवा कंपनीच्या गेटसमोरच्या टपरीवर चहाचे ग्लास विसळणाऱ्या पोराला आपण काय हाक मारतो? ‘छोटू’. बंबलने निदान प्रत्येकाला वेगळे नाव दिले होते.

दुसरी अडचण किमतीची. १८३४च्या कायद्याने इंग्लंडमध्ये गरिबांना मिळणारी मदत आवळली गेली. त्या व्यवस्थेवर डिकन्स तुटून पडतो. ऑलिव्हरला जो घेऊन जाईल त्याला पाच पौंड मिळतील, अशी पाटी अनाथालयाच्या फाटकावर लागते. धुराडी साफ करणारा गॅमफिल्ड मुलगा न्यायला येतो, तर मंडळ घासाघीस करून रक्कम साडेतीन पौंडांवर आणते. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. पुढे टेल्को आणि बजाजचे कारखाने आले आणि नंतर चाकणची वसाहत वाढली. मराठवाडा, खानदेश, बिहार, उत्तर प्रदेशातून माणसे इथे आली. लेबर कॉन्ट्रॅक्टर हा शब्द इथल्या वाचकाला समजावून सांगावा लागत नाही. माणसाचा भाव त्याच्यादेखत पण त्याला न विचारता ठरतो, हे त्याला ठाऊक असते. डिकन्सचे मोठेपण अशा पानांत आहे.

पण पुढे माझी तक्रार सुरू होते. अनाथालयात उपासमारीत वाढलेला आणि चोरांच्या टोळीत सापडलेला ऑलिव्हर शेवटपर्यंत निर्मळ राहतो, सभ्य घरातल्यासारखा बोलतो. याचा उलगडा शेवटी होतो : तो मुळात चांगल्या घराण्याचा आहे. त्याच टोळीतला आर्टफुल डॉजर मात्र हद्दपारीची शिक्षा भोगायला जातो. ऑलिव्हरचे चांगुलपण रक्तातून आले असेल, तर डॉजरची चोरीही रक्तातूनच आली असे मानावे लागते. हे तर्कशास्त्र आपल्याकडे फार जणांना भोवले आहे. इंग्रजांनी १८७१च्या कायद्याने अख्ख्या जमातींना जन्माने गुन्हेगार ठरवले. लक्ष्मण गायकवाडांच्या ‘उचल्या’ने (१९८७) तो शिक्का बसलेल्यांचे जगणे आतून सांगितले. डॉजरने स्वतःची हकीकत लिहिली असती, तर ती ‘उचल्या’च्या जवळ गेली असती असे मला वाटते.

हाच शिक्का फॅगिनवर बसतो. मुलांना खिसे कापायला शिकवणाऱ्या या म्हाताऱ्याला डिकन्स नावाऐवजी शेकडो वेळा ‘तो यहुदी’ असे म्हणतो. बिल साइक्स फॅगिनहून क्रूर आहे, तो नॅन्सीचा खून करतो. पण त्याला कोणी ‘तो ख्रिश्चन’ म्हणत नाही. मुसलमान वाचक इथे थबकतो. एकाचा गुन्हा त्याचा एकट्याचा, दुसऱ्याचा साऱ्या कौमचा, हा हिशेब त्याच्या ओळखीचा असतो.

१८६३ साली एलायझा डेव्हिस या यहुदी स्त्रीने डिकन्सला पत्र लिहून हीच व्यथा कळवली. तिच्या पतीने डिकन्सचे लंडनमधले घर विकत घेतले होते, त्यामुळे ओळख होती. डिकन्सने आधी स्वतःचा बचाव केला : त्या काळी असले गुन्हेगार बहुधा यहुदीच असत, आणि कादंबरीतले इतर दुष्ट ख्रिश्चनच आहेत. बाईंचे समाधान झाले नाही. पुढे ‘अवर म्युच्युअल फ्रेंड’मध्ये (१८६४-६५) त्याने रायाह हा सज्जन यहुदी रंगवला. १८६७च्या आवृत्तीत ‘ऑलिव्हर ट्विस्ट’च्या उत्तरार्धातले ‘यहुदी’ हे बहुतेक उल्लेखही त्याने काढून टाकले.

या दोन दुरुस्त्यांतली दुसरी मला मोलाची वाटते. रायाह इतका चांगला आहे की तो खरा वाटत नाही. त्याचे भाऊबंद आपल्या परिचयाचे आहेत. ‘शोले’मधला (१९७५) रहीमचाचा त्यांतलाच. खलनायकाची भरपाई संताने होत नाही. हमीद दलवाईंच्या ‘इंधन’मधली (१९६५) मुसलमान माणसे गुणदोषांसह माणसे म्हणून उभी राहतात, म्हणून ती पटतात. १८६७च्या आवृत्तीत फॅगिन चोरांचा म्होरक्याच राहतो. पण फाशीच्या आदल्या रात्रीच्या प्रकरणाच्या शीर्षकात ‘यहुदी’ जाऊन ‘फॅगिन’ येतो, आणि कोठडीत भीतीने बरळणारा एक म्हातारा माणूस आपल्याला दिसतो.

अभिजात पुस्तकाविषयी तक्रार करणे म्हणजे त्याचा अनादर, अशी आपल्याकडे समजूत आहे. दुखावलेल्याने पुस्तक फेकून द्यावे किंवा मुकाट्याने वाचावे, असे दोनच मार्ग त्याच्यापुढे ठेवले जातात. एलायझा डेव्हिसने तिसरा मार्ग दाखवला. तिने पुस्तक वाचले, लेखकाला मोठे मानले आणि म्हणूनच त्याला जाब विचारला. आपल्या मराठी पुस्तकांनाही असे वाचक मिळायला हवेत, आणि असे पत्र आले तर ते पुन्हा काढून वाचणारे लेखकही.