घोटलेला कोबा आणि घर्षणाचा धडा

घर्षणाच्या धड्यात एक वाक्य हमखास असते: पृष्ठभाग खडबडीत तर घर्षण जास्त, गुळगुळीत तर कमी. पाठोपाठ फरशीवरून घसरण्याचे उदाहरण येते. आमच्या उदगीरकडे हे उदाहरण पायाखालीच असते. व्हरांड्यात शहाबादी फरशी, नाहीतर घोटून चकचकीत केलेला सिमेंटचा कोबा. पाऊस लागला की कोणीतरी आपटतेच. एका शाळेत पाण्याच्या टाकीजवळ पडून एका मुलीचा हात मोडला. वर्गात कारण विचारले, तर सर्वांचे उत्तर एकच, "कोबा गुळगुळीत आहे म्हणून." पण एप्रिलमध्ये तो तितकाच गुळगुळीत असतो आणि मुले त्यावर शिवाशिवी खेळतात, तेव्हा का पडत नाहीत? वर्ग गप्प. धडाही गप्प.

मुळात ते वाक्यच अर्धवट आहे. स्वच्छ, कोरड्या काचेवर काच सरकवली तर घर्षणांक ०.९ च्या आसपास भरतो. सपाटीवर साध्या चालीने चालायला सुमारे ०.२ पुरतो. कोरडा, धूळ नसलेला कोबा आणि रबरी तळवा यांच्यात याहून पुष्कळ जास्त घर्षण असते. घात करते ते पाणी. टाच टेकते तेव्हा तिच्याखालचे पाणी बाहेर निसटायला थोडा वेळ लागतो. तेवढ्यात टाच पाण्याच्या पातळ थरावर तरंगते आणि पुढे सरकते. यंत्राच्या धारव्यात तेलाचा थर असाच भार पेलतो; त्याचे गणित ऑस्बर्न रेनॉल्ड्सने १८८६ मध्ये मांडले. पृष्ठभागावर बारीक उंचवटे असले तर ते थर भेदून रबराला भिडतात. किती बारीक? ब्रिटनमधील मार्गदर्शक आकडे असे: उंचवट्यांची उंची १० मायक्रॉनहून कमी असेल तर ओल्या फरशीवर घसरण्याचा धोका मोठा, २० च्या वर असेल तर कमी. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो! म्हणजे नुसते पाहून फरशीची परीक्षा होत नाही.

दुसरी तक्रार प्रयोगाविषयी. फळी तिरपी करत न्यायची, ठोकळा सरकू लागला की उंचीला पायाने भागायचे. स्थितिक घर्षणांक मिळाला. प्रयोग चांगलाच आहे. पण ओल्या फरशीच्या तुकड्यावर चप्पल ठेवून तो केला तर फसवणूक होते. स्थिर चपलेखालचे पाणी आपण फळी उचलेपर्यंत निघून गेलेले असते, आणि फरशी आहे त्याहून सुरक्षित ठरते. म्हणूनच प्रत्यक्ष चाचणीत लंबक वापरतात. त्याच्या टोकाची रबरी पट्टी ओल्या फरशीवरून वेगाने घासत जाते. पाण्याला निसटायला सवड मिळत नाही. अंक ३६ किंवा अधिक आला तर धोका कमी, २५ खाली आला तर मोठा.

आमचे गवंडी न्हाणीच्या ओल्या सिमेंटवर दोरी दाबून चौकटी उमटवतात. त्याने पाणी वाहून जायला मदत होते, पण चौकटीच्या आतला भाग घोटलेला असेल तर टाच तिथेच निसटते. त्यापेक्षा पृष्ठभाग न घोटता त्यावर खराटा फिरवलेला बरा. त्या शाळेने टाकीजवळच्या पट्ट्याला छिन्नीने टाचे मारून घेतले. वर्गांतला कोबा तसाच चकचकीत आहे. तो कोरडा असतो.