चौकटीतला चौक

१९७५ साली मुंबईच्या गॅलरी केमोल्डमध्ये जिव्या सोमा मशे यांच्या वारली चित्रांचे प्रदर्शन भरले. पुढच्याच वर्षी ही चित्रकला फ्रान्समधील मांतों येथे पोहोचली आणि १९८९ मध्ये पॅरिसच्या 'पृथ्वीवरील जादूगार' या बहुचर्चित प्रदर्शनात मशे यांचे नाव जगभरच्या सुमारे शंभर कलावंतांच्या पंक्तीत बसले. मशे हे डहाणूजवळच्या गंजाडचे. तेथून पूर्वेला घाट चढत गेले की जव्हार आणि मोखाडा हे तालुके लागतात, आणि वारली वस्ती तेथेही तितकीच जुनी आहे. या प्रदेशाच्या कलेने दालनात प्रवेश केला त्याला आता अर्धशतक उलटले. या प्रवेशाचे कौतुक पुष्कळ झाले; त्याची चिकित्सा मात्र फारशी झालेली नाही. दालनात आले ते काय आणि दाराबाहेर राहिले ते काय, हा प्रश्न आता तरी विचारला पाहिजे.

वारली घरात चित्र कशासाठी काढले जाई, हे आधी ध्यानात घ्यावे. लग्नघरात गेरूने सारवलेल्या कुडाच्या भिंतीवर सुवासिनी तांदळाच्या पिठाने लग्नचौक लिहीत. चौकाच्या मध्यभागी पालघट देवी, शेजारच्या लहान चौकात पंचशिऱ्या देव, भोवती झाडे, पाखरे, माणसे. चौकावाचून लग्न लागत नसे. चौकापाशी धवलेरी बसे. तिच्या गाण्यांतून देव आणि सृष्टी यांच्या कथा उलगडत जात आणि त्या गाण्याच्या साक्षीने चित्राला देवत्व येई. चित्रावर कोणाची सही नसे. लग्न पार पडले की चित्र धुरकटत जाई, आणि त्याचे कोणाला दुःख नसे. म्हणजे हे चित्र पाहण्याची वस्तू नव्हते. ते एक घडणे होते. यशोधरा डालमिया यांच्या १९८८ मधील ग्रंथाचे मोल हेच की, त्यांनी चित्राला विधीपासून तोडून पाहिले नाही.

सत्तरीच्या दशकाच्या आरंभी भास्कर कुलकर्णी यांनी पाड्यांवर कागद आणि रंग नेले व हे घडणे भिंतीवरून उतरले. येथे हळहळणारा एक वर्ग आपल्याकडे आहे. त्याच्या मते ही कला भिंतीवरच राहायला हवी होती. हा युक्तिवाद मला मान्य नाही. ज्यांच्या घरी पावसाळ्यानंतर काम नसते आणि ज्यांना मजुरीसाठी गाव सोडावे लागते, त्यांनी आपली कला विकू नये असे सांगण्याचा अधिकार शहरातल्या रसिकाला नाही. शिवाय कागदावर आल्यावर मशे यांनी जे केले ती केवळ नक्कल नव्हती. त्यांचे मासेमारीचे जाळे पाहावे. बारीक रेषांनी विणलेल्या त्या जाळ्यात सारा कागद धडधडू लागतो. विधीच्या चौकात अशा चित्राला जागा नव्हती. ती कागदाने दिली. २००३ मध्ये जर्मनीतील ड्युसेलडॉर्फ येथे इंग्रज कलावंत रिचर्ड लाँग आणि मशे यांच्या कृती एकाच प्रदर्शनात मांडल्या गेल्या. आदिवासी कलावंताला 'नमुना' न मानता समकालीन मानण्याचे ते धाडस होते. २०११ मध्ये मशे यांना पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये ते गेले, तेव्हा एका मोठ्या चित्रकाराच्या निधनाची बातमी म्हणूनच ती छापली गेली. एवढे श्रेय दालनाला दिलेच पाहिजे.

मात्र हिशेबाची दुसरी बाजूही आहे. जी कला सुवासिनींच्या हाताची होती, तिच्यात नाव झाले ते बहुतांशी पुरुषांचे. धवलेरी तर दालनात आलीच नाही. कारण गाणे चौकटीत बसत नाही. पालघट देवी मागे पडली आणि तारप्याचा फेर पुढे आला, कारण तो सुबक दिसतो. तोच फेर आज कपबशांवर आणि उपाहारगृहांच्या भिंतींवर आहे. वारली चित्रकलेला २०१४ मध्ये भौगोलिक निर्देशन मिळाले. त्याने नावाला संरक्षण मिळाले, अर्थाला नव्हे.

जव्हार-मोखाड्याचा बोहाडा या बाबतीत अधिक अवघड परीक्षा घेतो. होळीनंतरच्या दिवसांत संबळाच्या ठेक्यावर, मशालींच्या उजेडात, गणपतीपासून रावणापर्यंतची सोंगे रात्रभर नाचतात. मुखवटा वजनदार असतो. बारीक भोकांतून नाचणाऱ्याला जेमतेम वाट दिसते. त्या अडखळत्या, डुलत्या चालीतच देवाचे येणे असते. हाच मुखवटा दालनाच्या पांढऱ्या भिंतीवर, विजेच्या स्थिर प्रकाशात टांगला की त्याचे रंग दिसतात, कारागिरी दिसते. पण मागची बाजू भिंतीला टेकलेली असते आणि ती भोके रिकामी असतात. गोव्यातील ख्रिस्ती कलेच्या संग्रहालयात वेदीवरून उतरलेली संतमूर्ती पाहताना आपल्यापैकी अनेकांना जे जाणवते, ते येथे आठवावे. मूर्ती सुरक्षित असते, सुंदरही असते. फक्त तिच्यापुढे कोणी गुडघे टेकीत नाही.

मग ही कला दाखवूच नये काय? दाखवावी, परंतु ते काम खाजगी दालनापेक्षा विद्यापीठाच्या कलादालनाचे अधिक आहे. खाजगी दालनाला चित्र विकायचे असते, म्हणून त्याला सुटी वस्तू लागते. विद्यापीठापाशी ग्रंथालय असते, अभ्यासक असतात, विद्यार्थी असतात, आणि विक्रीची घाई नसते. तेथे चित्राशेजारी धवलेरीचे गाणे अर्थासह ऐकवता येते, मुखवट्याशेजारी तो घडवणाऱ्याला बसवून बोलते करता येते. चित्राखाली 'वारली कला' एवढेच न लिहिता काढणारीचे नाव, पाडा आणि प्रसंग लिहिता येतो.

सार्वजनिक कार्यक्रम म्हणजे उद्घाटनाला दहा मिनिटे तारपा नाचवणे नव्हे. तारपा नृत्यात फेर वादकाभोवती फिरतो. नाचणारे त्याच्याकडे पाठ करीत नाहीत. प्रमुख पाहुण्यांसाठी तो फेर उलगडून प्रेक्षकांकडे तोंड करून उभा केला की, नृत्याचा अर्थच पाठमोरा होतो. कार्यक्रमाची कसोटी साधी आहे: तेथे आदिवासी बोलला की फक्त नाचला?

मुंबईचे जे. जे. कला विद्यालय २०२३ मध्ये अभिमत विद्यापीठ झाले. मुंबई विद्यापीठात लोककला अकादमी आहे, आणि जव्हारपर्यंतची महाविद्यालये त्याच विद्यापीठाच्या कक्षेत येतात. म्हणजे दालन आणि पाडा यांना जोडणारी वाट कागदावर तरी आखलेली आहे. तिच्यावरून आजवर वस्तू उतरल्या. आता प्रदर्शने वर चढली पाहिजेत. कलिना किंवा फोर्टमध्ये भरलेले प्रदर्शन जव्हारच्या एखाद्या महाविद्यालयाच्या सभागृहातही भरावे. तेथे येणारी एखादी म्हातारी चित्रापुढे उभी राहून म्हणेल, की देवीचे हात असे नसतात. त्या वाक्याची नोंद घेण्यासाठी एक वही दाराशी ठेवलेली असली, तर त्या दालनाला विद्यापीठाचे नाव शोभेल.