त्याला काय कमी होते? : 'कासव' आणि त्याचे प्रेक्षक

"चित्रपट चांगला आहे, पण तो दाखवायला नको होता."

धर्मग्रामाच्या सभागृहातून बाहेर पडताना एका सुशिक्षित गृहस्थांनी आम्हांला हे वाक्य ऐकविले. चित्रपट होता सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर या दिग्दर्शकद्वयाचा 'कासव'. कुटुंबशिबिराच्या अखेरीस तो दाखवावा ही सूचना आमचीच होती, तेव्हा दोषाचा वाटाही आमच्याकडेच आला. मध्यंतरात चहाला उठलेली काही कुटुंबे परतली नाहीत. तरुणांना तो संथ वाटला. काही मातांना नायिका घटस्फोटित असणे खटकले. विवाह संस्कारावरील शिबिरात हे कशाला, असे त्यांनी धर्मगुरूंना विचारलेही. पण निरनिराळ्या तोंडांतून सर्वांत अधिक वेळा आम्ही ऐकला तो एकच प्रश्न : त्या मुलाला काय कमी होते?

ज्यांनी चित्रपट पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगावयास हवे. २०१७ साली जाहीर झालेल्या ६४व्या राष्ट्रीय पुरस्कारांत 'कासव'ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे सुवर्णकमळ मिळाले. 'श्यामची आई', 'श्वास', 'देऊळ' आणि 'कोर्ट' यांच्यानंतर हा मान मिळविणारा तो पाचवा मराठी चित्रपट. जानकी ही मध्यमवयीन स्त्री अमेरिकेतील संसार मोडून परतली आहे. ती स्वतः नैराश्याच्या आजारातून, उपचार घेत, हळूहळू वर येते आहे. कोकणच्या किनाऱ्यावर दत्ताभाऊ नावाचे वृद्ध गृहस्थ कासवांच्या अंड्यांचे रक्षण करतात. त्यांना हातभार लावण्यासाठी ती तिकडे जाते. वाटेत तिला तापाने फणफणलेला, जीव देऊ पाहिलेला एक अनोळखी तरुण भेटतो आणि ती त्याला घरी आणते. त्याचे नाव-गाव ती विचारीत नाही. त्याने असे का केले हेही विचारीत नाही. जेवण, अंथरूण, औषध आणि दार उघडे, एवढेच ती त्याला देते. इरावती हर्षे आणि आलोक राजवाडे यांनी या दोन भूमिका आवाज न चढविता केल्या आहेत. ड्रायव्हर यदूच्या भूमिकेत किशोर कदम आहेत. या परक्या पोराविषयीचा संशय यदू उघड बोलून दाखवतो. आमच्या सभागृहातील बहुसंख्य प्रेक्षक मनाने यदूच्याच बाजूला बसले होते.

वास्तविक 'कासव' शेवटी आशेकडेच वळतो. वाळूत अंडी घालून आई समुद्रात निघून जाते. माणसे घरट्याभोवती कुंपण घालतात, राखण करतात. पिल्ले मात्र समुद्राकडे स्वतःच्याच पायांनी जातात. एवढा प्रकाश असूनही त्याला उदास, काळोखा म्हटले गेले, याचे आम्हांला प्रथम नवल वाटले. मग ध्यानात आले, की प्रेक्षकाला त्यातील दुःख सहन होते. कारण न सांगितले जाणे सहन होत नाही. परीक्षेत नापास झाला, प्रेमभंग झाला, बापाने छळले, असे काहीतरी ठळक दाखवले असते तर याच मंडळींनी डोळे पुसले असते.

जानकीच्या मोडलेल्या संसाराविषयीही तेच. चूक नवऱ्याची की तिची? चित्रपट निवाडा देत नाही, आणि निवाडा न मिळालेला प्रेक्षक चिडतो. येथे एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. ख्रिस्तसभेच्या १९८३च्या कायदेसंहितेप्रमाणे विवाह मुळात वैध होता की नाही हे पाहताना दोष कोणाचा, हा खरा प्रश्न नसतो. संमती देण्याचे आणि विवाहाची जबाबदारी पेलण्याचे मानसिक सामर्थ्य त्या वेळी होते का, याचाही तेथे विचार होतो. कायद्याला जे समजते ते आपल्या ओसरीवरील गप्पांना अजून समजलेले नाही.

हाच चित्रपट आम्ही दुसऱ्यांदा पाहिला तो अणदूरला. वसईच्या माणसाचे अणदूरला काय काम, असे वाचक विचारतील. २०२०च्या जानेवारीत उस्मानाबाद (आताचे धाराशिव) येथे ९३वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. त्याचे अध्यक्ष होते आपले फादर फ्रान्सिस दिब्रिटो. त्यांच्यामुळे आम्ही प्रथमच त्या जिल्ह्यात गेलो, आणि तेथे जुळलेल्या एका शिक्षकमित्राच्या आग्रहाने पुढे पुन्हा गेलो. (फादर २०२४च्या जुलैत आपल्यातून गेले, हा चित्रपट त्यांच्यासोबत पाहायचा राहिला.) अणदूर तुळजापूर तालुक्यात, सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर नळदुर्गच्या पुढे आहे. तेथील खंडोबा वर्षाचा काही काळ अणदूरला आणि काही काळ नळदुर्गजवळच्या मैलारपुरात राहतो. दोन गावांनी देव वाटून घेतला आहे. गावाची दुसरी ओळख म्हणजे हॅलो मेडिकल फाउंडेशन. डॉ. शशिकांत आणि डॉ. शुभांगी अहंकारी या दांपत्याने उभारलेल्या या संस्थेने खेड्यांतील स्त्रियांना आरोग्याचे शिक्षण देऊन 'भारतवैद्य' म्हणून तयार केले.

मित्राच्या घरी ओसरीवर टीव्ही मांडून पंधरा-वीस माणसे बसली. शेतकरी, शिक्षक, खेडोपाडी आरोग्याचे काम केलेल्या दोन बाया, शेजारच्या सुना. संथपणाची तक्रार येथे कोणी केली नाही. पावसाची वाट पाहणाऱ्या माणसांना संथपणाचे फारसे वावडे नसावे. समुद्र मात्र अनेकांनी डोळे भरून पाहिला. पण मध्येच एका म्हाताऱ्या बाबांनी विचारले, "ह्याला दुखतंय काय, ते तर सांगा की!" आम्ही मनाशी हसलो. म्हणजे हा प्रश्न वसईचा नव्हता तर.

बाबांचे पुढचे बोलणे ऐकून हसू मावळले. ३० सप्टेंबर १९९३च्या भूकंपात त्यांच्या सोयऱ्यांपैकी काही जण गेले. "त्या वक्ताला अशी माणसं लई बघितली. भिंतीकडं तोंड करून बसायची. पर त्यांचं कारण तरी होतं."

येथे आम्हांला दोन प्रेक्षकवर्गांतील भेद कळला. आमच्या धर्मग्रामात घरे पक्की, मुले शिकलेली, कोणी ना कोणी परदेशी नोकरीला. कारण दिसत नाही, म्हणून आपण आजारच नाकारतो : काय कमी होते? अणदूरच्या परिसरात कारणांचा तोटा नाही. अवर्षण आहे, पडलेले भाव आहेत, सावकार आहे. २०१५ साली शेतकऱ्यांच्या आत्महत्या रोखण्यासाठी शासनाने 'बळीराजा चेतना अभियान' ज्या दोन जिल्ह्यांत सुरू केले, त्यांपैकी एक हा आणि दुसरा यवतमाळ. तेथे कारण इतके उघड दिसते की माणूस त्याच्याआड दडतो. 'कर्ज होते' म्हटले की बोलणे संपते. आत्महत्या झाल्यावर चौकशी होते आणि ते प्रकरण 'पात्र' की 'अपात्र' हे ठरते. पात्र ठरल्यास कुटुंबाला १ लाख रुपयांची सानुग्रह मदत मिळते. मदतीला नियम हवेत हे मान्य. पण मेलेल्या माणसाचे दुःख पुरेशा कारणाचे होते की नाही हे कागदावर ठरावे, यातील क्रौर्य त्या ओसरीवर कोणाला समजावून सांगावे लागले नाही. एक तरुण शेतकरी म्हणाला, "दोघं भाऊ, एकच रान, एकच कर्ज. एक सकाळी उठून औत धरतो, एकाला उठवत नाही. मग कर्ज कसलं कारण?"

यावर आम्हांला उत्तर सुचले नाही. सुचला तो ईयोब. त्याचे मित्र आले आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसून राहिले. तेवढेच त्यांचे खरे सांत्वन. तोंड उघडल्यावर ते कारण शोधू लागले आणि शत्रूसारखे झाले. एलिया संदेष्ट्याची गोष्टही अशीच आहे. झुडपाखाली पडून तो मरण मागतो. देवदूत त्याला दटावीत नाही, श्रद्धा कमी पडली असेही म्हणत नाही. भाकर आणि पाणी देतो, झोपू देतो, पुन्हा खाऊ घालतो. जानकी याहून वेगळे काय करते? आरोग्याचे काम केलेल्या बाईंनी हे बायबल न वाचता ओळखले. त्या म्हणाल्या, "ह्या ताईनं आधी त्याला जेवू घातलं. विचारपूस मागनं. आमी बी घरात गेलो की पहिलं चूल पेटलीय का ते बघतो."

ज्या मंडळींना जीव देऊ पाहणाऱ्याची गोष्ट धर्मग्रामात नको वाटली, त्यांनी ख्रिस्तसभेचा १९९२चा धर्मशिक्षणग्रंथ पाहावा. आत्महत्या हे गंभीर पाप मानतानाच गंभीर मानसिक विकार, तीव्र भय वा यातना यांमुळे त्या व्यक्तीची जबाबदारी कमी होऊ शकते, असे तो स्पष्ट सांगतो. अशांच्या तारणाविषयी आशा सोडू नये, असेही सांगतो. देशाचा कायदाही २०१७ साली त्या दिशेने वळला. जीव देण्याचा प्रयत्न करणारा तीव्र तणावाखाली होता असे गृहीत धरून त्याला शिक्षा न करता उपचार द्यावेत, असे मानसिक आरोग्यसेवा कायदा म्हणतो. आणि उदास चित्रपटांचेच म्हणाल, तर चित्रपटकलेच्या शताब्दीनिमित्त १९९५ साली व्हॅटिकनने निवडलेल्या ४५ चित्रपटांत बर्गमनचा 'वाइल्ड स्ट्रॉबेरीज' (१९५७) आहे. वृद्ध डॉक्टरची सून मोटारीत त्याला आपल्या मोडू घातलेल्या संसाराची कहाणी सांगते, तो प्रसंग काही आल्हाददायक नाही.

मात्र 'कासव'वर आमचाही एक आक्षेप आहे, आणि तो संथपणाहून मोठा आहे. जानकीजवळ मोटार आहे, ड्रायव्हर आहे, समुद्रकाठी घर आहे, मुंबई-पुण्याचे उपचार आहेत. अनोळखी पोराला सांभाळण्याची उसंत तिला या ऐपतीने दिली आहे. अणदूरच्या सुनेला ती कोठून? शिवाय चित्रपटातील माणसे बरी होतात ती परक्यांच्या हातून. ज्या घरात आजार शिरला त्या घरातील माणसे जवळजवळ पडद्याबाहेरच राहतात. जानकीच्या पतीची बाजू, रोज सकाळी त्या मौनाशेजारी उठणाऱ्या माणसाचा थकवा, त्याचा राग, त्याचे हरणे, हे दाखविले असते तर चित्रपट अधिक कठोर झाला असता आणि आमच्या मते अधिक खराही. परक्याला न विचारणे सोपे आहे. ज्याच्याशी वेदीसमोर वचन दिले-घेतले त्याला 'का?' असे न विचारणे ही वेगळीच तपश्चर्या, आणि तिच्याकडे दिग्दर्शकद्वयाने पाठ फिरवली आहे. दत्ताभाऊंची भूमिका करणारे आणि निर्मात्यांपैकी एक असणारे डॉ. मोहन आगाशे स्वतः मनोविकारतज्ज्ञ. चित्रपट दाखवून प्रेक्षकांशी बोलण्याची पद्धत त्यांनी अवलंबिली. जे पडद्यावर नाही ते अशा बोलण्यातून बाहेर येते, हे खरेच.

अणदूरला ते स्वयंपाकघरात आले. चित्रपट संपल्यावर पुरुष अंगणात गेले. भाकरी थापता थापता शेजारची एक बाई आमच्या सौभाग्यवतींना सांगू लागली. तिच्या मालकांनी तीन वर्षांमागे वर्षभर बोलणे सोडले होते. शेतात जात, परत येत, ताटावर बसत, पण तोंडातून शब्द नाही. तिने नवस केले, माहेरी जाऊन आली, एकदा भांडी आपटली. "मी रोज म्हणायचे, माझं काय चुकलं तेवढं तरी सांगा. आज वाटलं, त्यांनाच ठावं नसंल."

आमच्या सौभाग्यवतींनी विचारले, आता बोलतात का?

"मोजकं," ती म्हणाली, आणि तव्यावरची भाकर उलटून तिने अंगणाकडे पाहिले. तेथे तिचे मालक आमच्या मित्राला विचारीत होते, की ती कासवाची पिल्ले समुद्रात गेली, त्यांतली जगतात किती.