युद्धोत्तर मुंबईतील शोधक स्त्री : दोन ऐतिहासिक रहस्यकादंबऱ्या

मराठी वाचकाच्या मनातील रहस्यकथेचा नायक बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार व काळा पहाड यांनी घडविला. तो पुरुष होता. मुंबईच्या इतिहासावर आधारलेल्या अलीकडील इंग्रजी रहस्यकादंबऱ्यांत मात्र गुन्ह्याचा शोध स्त्री घेते. सुजाता मॅसी यांची ‘द विडोज ऑफ मलबार हिल’ (२०१८) आणि वसीम खान यांची ‘मिडनाइट ॲट मलबार हाऊस’ (२०२०) यांचा येथे तौलनिक विचार केला आहे. पहिलीतील तपास पहिल्या महायुद्धानंतरच्या १९२१ सालचा, तर दुसरीतील दुसऱ्या महायुद्धानंतरच्या १९५० सालचा आहे. दोन्ही नायिका पारशी आहेत.

मॅसींची परवीन मिस्त्री ऑक्सफर्डमध्ये कायदा शिकून वडिलांच्या पेढीत काम करते. परंतु न्यायालयात बाजू मांडण्याची तिला मुभा नाही. या पात्रामागे नाशिक येथे जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी आणि मुंबई उच्च न्यायालयात वकिली करणाऱ्या पहिल्या महिला बॅरिस्टर मिठन टाटा-लाम यांच्या चरित्रांची प्रेरणा आहे. स्त्रियांना वकिलीचा मार्ग खुला करणारा कायदा १९२३ मध्ये झाला. तत्पूर्वीचे हे बंधनच कादंबरीत तपासाचे साधन बनते. एका गिरणीमालकाच्या तीन पडदानशीन विधवा आपली मेहेरची मालमत्ता वक्फला देण्यास तयार झाल्याची कागदपत्रे परवीनला संशयास्पद वाटतात. जनानखान्यात पुरुष वकील जाऊ शकत नाही. ती जाऊ शकते. सोराबजींनी १९०४ पासून बंगालमध्ये कोर्ट ऑफ वॉर्ड्सच्या सेवेत पडदानशीन स्त्रियांसाठी केलेले काम लक्षात घेता या रचनेला भक्कम ऐतिहासिक आधार आहे. परवीनच्या स्वतःच्या दुःखद विवाहाचे उपकथानकही याच सूत्राशी जोडलेले आहे : तत्कालीन पारशी विवाह कायदा तिला घटस्फोट देत नाही, केवळ विभक्त राहू देतो.

खान यांची पर्सिस वाडिया पोलीस निरीक्षक आहे. ३१ डिसेंबर १९४९ च्या रात्री सर जेम्स हेरियट या इंग्रज मुत्सद्द्याचा खून होतो आणि तपास तिच्याकडे येतो. येथे लेखक इतिहासाच्या पुढे जातो; भारतीय पोलीस सेवेत पहिली महिला अधिकारी १९७२ मध्ये दाखल झाली. तथापि ही कल्पना निराधार ठरत नाही. २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या संविधानाने सार्वजनिक सेवेत समान संधी मान्य केली. पद मिळूनही पर्सिसची नेमणूक नकोशा अधिकाऱ्यांच्या ठाण्यात होते. कायद्याने दिलेला अधिकार सहकाऱ्यांच्या मनात रुजलेला नसतो, हे खान नेमके दाखवितात.

दोन्ही कादंबऱ्यांत उणिवा आहेत. परवीनचे विचार काही वेळा १९२१ पेक्षा आजच्या वाचकाला अधिक जवळचे वाटतात; खान यांच्याकडे इतिहासाची माहिती देण्याच्या ओघात तपासाची गती मंदावते.

असे असले तरी दोन्ही कृती एकत्र वाचल्यास त्यांचे महत्त्व स्पष्ट होते. पहिल्या युद्धानंतर स्त्रीसमोर कायद्याचा अडसर होता. दुसऱ्यानंतर कायदा बदलला, पण कार्यालयीन वृत्ती बदलली नाही. या दोन्हींपैकी मॅसींची कादंबरी सरस ठरते, कारण तिच्यात नायिकेवरील बंधन काढून घेतले तर रहस्याचा उलगडाच संभवत नाही. पर्सिसच्या जागी एखादा उपेक्षित पुरुष अधिकारी कल्पिला, तरी हेरियट प्रकरणाचा तपास बराचसा तसाच चालू शकेल. स्त्रीचा सामाजिक अनुभव हाच पुराव्याचा मार्ग ठरणे, हा या प्रकारच्या कादंबरीच्या मूल्यमापनाचा निकष मानावयास हवा.