नेपथ्य आणि रसिक

कालिदासाच्या 'मालविकाग्निमित्रा'त दोन नृत्याचार्यांची स्पर्धा ठरते, तेव्हा परीक्षक म्हणून नेमलेली परिव्राजिका पंडिता कौशिकी एक अट घालते. शिष्यांनी रंगावर यावे ते भारी नेपथ्य उतरवून. अंगाअंगाचे सौष्ठव पाहणाऱ्याला दिसले पाहिजे. नेपथ्य हा शब्द येथे वेशभूषा या जुन्या अर्थाने आहे. अट शास्त्राला धरून आहे यात शंका नाही. पण ही स्पर्धा मुळात विदूषकाने जुळवून आणलेली आहे, ती राजाला मालविका डोळे भरून पाहता यावी एवढ्यासाठी. दुसऱ्या अंकात ही विदर्भराजकन्या नाचते. कौशिकी पावलांनी धरलेल्या लयीविषयी, एका भावाला बाजूला सारून येणाऱ्या दुसऱ्या भावाविषयी बोलते आणि प्रयोग निर्दोष ठरवते. राजाला मात्र नृत्याहूनही ते संपल्यावरचे मालविकेचे उभे राहणे अधिक मोहक वाटते: कमरेवरचा डावा हात, मनगटाशी येऊन थांबलेले कंकण, सैल सोडलेला दुसरा हात, भुईवरचे फूल दाबणारा पायाचा अंगठा.

एका प्रयोगाचे हे दोन प्रेक्षक. समीक्षेने आजवर कौशिकीला आपले मानले आणि राजाला कामुक म्हणून बाजूला सारले. परंतु मालविका कशी दिसत होती, हे दोन सहस्रकांच्या आसपासचे अंतर ओलांडून आज कळते ते राजामुळे. कौशिकीच्या निर्णयात नर्तकी निर्दोष आहे, पण दिसत नाही. लुब्ध झालेला प्रेक्षक न्याय देऊ शकत नसेल. साक्ष मात्र तोच देतो, आणि ज्या कलेचा प्रयोग पडदा पडताच नाहीसा होतो तिच्या बाबतीत ही साक्ष क्षुल्लक मानता येत नाही.

पश्चिमेकडील बॅलेच्या इतिहासाला असा एक साक्षी लाभला. 1836 पासून पॅरिसच्या 'ला प्रेस' या दैनिकात नाट्यनृत्यावर लिहिणारा कवी तेओफील गोतिए हा त्या रंगभूमीचा अग्निमित्रच. कार्लोत्ता ग्रिसी या नर्तकीवरील लोभापोटी त्याने 'जिझेल'च्या (1841) कथारचनेत भाग घेतला. नृत्याच्या तंत्राचे त्याचे ज्ञान बेताचे होते; कापडाचे, रंगाचे, मनगटांचे आणि घोट्यांचे ज्ञान अफाट. मारी ताल्योनी ही 'ख्रिस्ती' नर्तकी आणि फॅनी एल्सलर ही 'मूर्तिपूजक' नर्तकी, हा त्याने केलेला भेद नृत्येतिहासात अजून वापरला जातो. या भेदाचा उगम बऱ्याच अंशी वेशात आहे. 1832 सालच्या 'ला सिल्फीद'मधली ताल्योनी पांढऱ्या तलम मलमलीच्या घंटाकार झग्यात जमिनीवरून सुटल्यासारखी भासे. एल्सलरच्या 'काचुचा'त गुलाबी साटिनीवर काळ्या लेसच्या झालरी होत्या आणि त्या तिला जमिनीकडे, देहाकडे ओढीत. रसिकाने वेश पाहिला आणि त्यातून नृत्याचे तत्त्व काढले. ज्याला बाह्यांग म्हणून हिणवले जाते ते पाहता पाहता हा माणूस अंतरंगाशी पोचला.

1838 मध्ये पुदुच्चेरीजवळच्या तिरुवेंदिपुरमच्या देवदासी पॅरिसला नेण्यात आल्या. 'बयादेर' म्हणजे भारतीय नर्तकी ही कल्पना तेथील ऑपेराने आधीच रूढ केली होती. 1830 मध्ये ताल्योनीनेच तशी भूमिका केली होती. आता खऱ्या नर्तकी समोर आल्या. गोतिए त्यांच्यातील अम्मनीवर भाळला आणि तिची कांती, तिचे दागिने, तिचा पेहराव यांवर त्याने रेखीव गद्य लिहिले. हस्तमुद्रांना अर्थ असतो, नेत्रांना व्याकरण असते, हे मात्र त्याच्या नजरेत भरले नाही. पुढे 1858 साली त्याने 'शाकुंतला'वर बॅलेची संहिता लिहिली, तीही त्याच मोहातून. रसिकाच्या साक्षीला ही मर्यादा असते: तो जे पाहतो ते नेमके पाहतो, पण पाहण्याची जागा बदलत नाही.

या मोहाची किंमत कधी कधी नर्तकीला चुकवावी लागली आहे. गॅसच्या दिव्यांच्या काळात मलमलीचे झगे पेट घेत म्हणून ते रसायनात बुडवून अग्निरोधक करण्याची सक्ती पॅरिसच्या ऑपेराने करून पाहिली. त्या प्रक्रियेने कापड ताठ आणि मळकट होई. एमा लिव्हरी या तरुण नर्तकीने असा झगा नाकारला. 15 नोव्हेंबर 1862 रोजी तालमीत तिचा झगा पेटला आणि 1863 च्या जुलैत, जेमतेम विशीत, ती गेली. गोतिएने तिच्या अंत्ययात्रेचे वर्णन करताना शवपेटीवर भिरभिरणाऱ्या दोन पांढऱ्या फुलपाखरांची आठवण नोंदवली. वर्णन सुंदर आहे, आणि नेमके तेच त्यात खटकते. ज्या शुभ्रतेसाठी ती जळाली, ती शुभ्रता रसिकाला मृत्यूनंतरही हवी होती.

रशियात बॅलेवेड्यांचा एक वर्गच तयार झाला. ताल्योनीचे बूट शिजवून चाहत्यांनी खाल्ल्याची पीटर्सबर्गची दंतकथा प्रसिद्धच आहे. अर्नल्ड हॅस्केल याने 1934 मध्ये या वेडालाच आपल्या पुस्तकाचे शीर्षक केले, तेव्हा त्या शब्दातला उपहास बराचसा ओसरला होता.

मराठी माणसाला हे वेड परके नाही; त्याचे दैवत वेगळे होते इतकेच. बालगंधर्वांचे शालू, पैठण्या, अलंकार आणि अत्तरे यांच्या कथा आजही घरोघर सांगितल्या जातात, आणि त्यांच्या नेसण्याचे, केशरचनेचे अनुकरण कुलीन स्त्रियांनी केले हे तर सर्वश्रुत आहे. पुरुषाने नेसलेले लुगडे पाहून स्त्रियांनी आपले नेसणे सुधारावे, ही घटना आहार्याभिनयाच्या कोणत्याही सिद्धान्तापेक्षा बोलकी आहे. त्याच रसिकतेची दुसरी बाजू 1935 च्या 'धर्मात्मा' चित्रपटात दिसली. 'प्रभात'च्या या चित्रपटात बालगंधर्व संत एकनाथ झाले आणि चाहते हिरमुसले. गळा तोच होता. वेश उतरला होता. चाहत्याने ज्यावर प्रेम केले ते नारायण श्रीपाद राजहंस नव्हते. गायन, देह आणि वस्त्र यांच्या संयोगातून निर्माण झालेले एक तिसरेच अस्तित्व होते. भरताने सारा प्रयोग आहार्यावर उभा असल्याचे सांगितले आणि पुस्त, अलंकार, अंगरचना व संजीव असे नेपथ्याचे चार प्रकार मांडले. त्या प्रतिपादनाचा प्रत्यय मराठी रसिकाने शास्त्र न वाचताच घेतला होता.

मग प्रश्न असा, की इतकी तयार नजर असलेल्या या समाजाने प्रत्यक्ष नृत्याच्या रंगभूमीची साक्ष का दिली नाही? बॅले या संज्ञेला मराठीत 'नृत्यनाट्य' असा सोयीचा प्रतिशब्द आहे. त्यात शब्द आणि गायन गृहीत धरले जाते, आणि कदाचित तेथेच घोटाळा होतो. नाट्यपदांना सरावलेला कान गाणे ऐकतो आणि नाच पाहायचे विसरतो. सामग्री तर मराठी प्रदेशातच होती. ॲना पाव्हलोवाने अजिंठ्याच्या भित्तिचित्रांवरून प्रेरित झालेला बॅले 1923 मध्ये लंडनला रंगवला. तिच्याच उत्तेजनाने मुंबईच्या लीला सोखी (1899–1947) भारतीय नृत्याकडे वळल्या आणि मेनका या नावाने त्यांनी कथकवर आधारलेला बॅले उभा केला. 1936 च्या बर्लिन येथील आंतरराष्ट्रीय नृत्यस्पर्धेत त्यांचा संघ गौरवला गेला. खंडाळ्याला त्यांनी 'नृत्यालयम्' स्थापन केले. आणि त्यांच्या मोठ्या रचनांपैकी एक 'मालविकाग्निमित्र' ही होती. विदर्भाची मालविका कालिदासानंतर पुन्हा सह्याद्रीच्या परिसरात नाचली, आणि या वेळी तिचे कंकण कोठे थांबले हे टिपणारा अग्निमित्र सभागृहात नव्हता. असलाच तर त्याने मराठीत लिहिले नाही.

मेनकांच्या संघात लहानपणीच दाखल झालेल्या दमयंती जोशी (1928–2004) या मराठी नर्तकीची उपेक्षा तर अधिक जिव्हारी लागणारी आहे. बॅलेच्या समूहरचनेत वाढलेल्या दमयंतीबाईंनी पुढे अच्छन महाराज, लच्छू महाराज, शंभू महाराज यांच्याकडे शिकून एकल कथक आपलेसे केले. 1968 मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि 1970 मध्ये पद्मश्री त्यांना मिळाली. साडी हा कथकचा वेश म्हणून प्रथम स्वीकारणाऱ्या नर्तकींत त्यांची गणना होते. हा बदल केवळ रुचीचा मानणे चूक ठरेल. अंगरख्याचा घेर चक्कर घेताना उघडतो आणि देह त्या वर्तुळात हरवतो. प्रेक्षकाला कापडाचे फूल दिसते. साडीत वस्त्र देहाशी राहते, त्यामुळे फिरण्यापेक्षा फिरण्याचा अक्ष, थांबण्याचा क्षण, समेवरचे ताठ मणके नजरेत भरतात. घुंगटाच्या गतीत पदर हा खराच पदर असतो, आणि हाताला कल्पनेतले वस्त्र निर्माण करण्याऐवजी खऱ्या वस्त्राशी जुळवून घ्यावे लागते. हा लाभ आहे तशीच हानीही आहे, कारण नसलेले वस्त्र दाखवण्यातली कला त्याने थोडी सैल पडते. कौशिकीने नेपथ्य उतरवायला सांगितले ते देह दिसावा म्हणून. दमयंतीबाईंनी तोच हेतू वेगळे नेपथ्य निवडून साधला, असे म्हणण्यास जागा आहे.

दमयंती जोशी यांनी काही काळ खैरागडच्या इंदिरा कला संगीत विश्वविद्यालयात कथक शिकवले. 1956 मध्ये राजवाड्यात सुरू झालेल्या या विद्यापीठाच्या कुलगुरुपदी आरंभीच्या वर्षांत श्रीकृष्ण नारायण रातंजनकर होते. तेव्हा हा प्रदेश मध्य प्रदेशात होता. 1 नोव्हेंबर 2000 पासून तो छत्तीसगडात आहे. खैरागडच्या आसपासचे मोठे शहर म्हटले तर रायपूरचेही नाव येते, आणि रायपूरच्या ब्राह्मणपारा, तात्यापारा यांसारख्या जुन्या वस्त्यांच्या परिसरात मराठीचा वावर भोसल्यांच्या अमलापासूनचा आहे. पारा म्हणजे आळी. या आळ्यांतील मराठी प्रेक्षकाची जागा मुंबई-पुण्याच्या रसिकाहून वेगळी, आणि पाहण्याच्या दृष्टीने अधिक भाग्याची. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात बालगंधर्वांचा शालू. बाहेर गावोगावच्या नाचा या लोकनाट्यात पुरुषाने घेतलेला 'परी'चा स्त्रीवेश आणि त्याच्या जोडीला 'जोक्कड'. रायगडच्या गणेशोत्सवात राजा चक्रधरसिंहांच्या आश्रयाने वाढलेले कथक. आणि खैरागडला साडी नेसून नाचणारी मराठी बाई. स्त्रीवेशाचे इतके निरनिराळे अर्थ एकाच टापूत क्वचितच सापडतील. राजा चक्रधरसिंह हे स्वतःच नृत्याचे असे वेडे होते, की त्यांनी लखनौच्या गुरूंना रायगडला आणवले आणि नाचाच्या मंडळींतून आलेल्या कार्तिकरामासारख्या मुलांना कथकच्या तालमीत बसवले. चाहत्याच्या नजरेने परीच्या वेशातला नर्तक ओळखला, असे तेथे घडले.

या सर्वांच्या उलट टोकाला शांती बर्धन यांचा 'रामायण' हा बॅले आहे. 1952 मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या लिटिल बॅले ट्रूपने तो बसवला. नर्तक कळसूत्री बाहुल्यांसारखे तुटक, कोनाकोनांनी हलतात. मुखवटे चेहरा झाकतात. वेश देहाची गोलाई मोडून टाकतो. येथे नर्तकीवर भाळायला जागाच उरत नाही, कारण नर्तकी दिसत नाही. बर्धन 1954 मध्ये क्षयाने गेले. गुल बर्धन आणि प्रभात गांगुली यांनी संघ जगवला आणि तो ग्वाल्हेरमार्गे भोपाळला स्थिरावला. पुढची कैक दशके 'रामायण' चालत राहिला, नर्तक बदलत राहिले, आणि प्रयोग तसाच ओळखू येत राहिला. व्यक्तीवर अवलंबून असलेली दमयंतीबाईंची कला त्यांच्याबरोबर गेली. मुखवट्यात बांधलेली बर्धनांची रचना उरली. चाहत्याला नाकारणाऱ्या बॅलेला त्याच्या साक्षीची तितकीशी गरज पडली नाही, हा योगायोग नव्हे.

मराठीत नृत्यावर काहीच लिहिले गेले नाही असे नाही. रोहिणी भाटे यांचे लेखन आहे, आणि ते मोलाचे आहे. परंतु ते नर्तकीचे, आतून केलेले. प्रेक्षकाच्या बाजूची जागा जवळपास रिकामी आहे. मराठी समीक्षेने 'आस्वादक' हा शब्द पुष्कळदा दूषण म्हणून वापरला, आणि वेशावर, दिसण्यावर लिहिणे हे रविवारच्या पुरवण्यांचे काम ठरवून टाकले. परिणामी वेश लिहायचा कोणी नाही आणि नृत्य लिहायचे कसे हे कोणाला ठाऊक नाही. मेनकांवरील 1989 सालचा प्रबंध दमयंती जोशींनाच लिहावा लागला, आणि तोही इंग्रजीत.

दमयंतीबाई कोणत्या रचनेला कोणत्या काठाची साडी नेसत, पदर खोचत की मोकळा सोडत, निऱ्यांना किती घेर ठेवत, हे त्यांच्याविषयीच्या छापील माहितीत सहसा आढळत नाही. ते माहीत आहे खैरागडला, रायपूरला आणि मुंबईला त्यांना पाहिलेल्या काही प्रेक्षकांना. त्यांच्यातील बहुतेक आता उतारवयात आहेत, आणि अजून कोणी त्यांना विचारलेले नाही.