औषधाच्या बाटलीचे झाकण आणि चाचणीबाहेरचे हात

वृद्धांना औषधाची बाटली उघडता यावी म्हणून तयार होणाऱ्या साधनांचे मूल्यमापन करताना मूळ झाकणाची चाचणी विचारात घेणे क्रमप्राप्त ठरते. कॅनडातील विंडसर येथील बालरोगतज्ज्ञ डॉ. हेन्री ब्रो यांच्या प्रयत्नांतून १९६७ मध्ये 'दाबा आणि फिरवा' पद्धतीचे झाकण पुढे आले. अमेरिकेत १९७० मध्ये मुलांना सहजी न उघडणाऱ्या वेष्टनांचा कायदा झाला. त्यामुळे बालकांचे प्राण वाचले, हे निर्विवाद.

प्रौढांवरील चाचणी मात्र १८ ते ४५ वयोगटापुरतीच होती. १९९५ च्या सुधारणेने ती ५० ते ७० वयोगटावर आणली व ९० टक्के यशाची अट घातली. प्रगती खरीच, पण सत्तरीनंतरचे काय? शिवाय ज्यांना पाच मिनिटांत झाकण उघडत नाही, त्यांच्यापुढे दोन साध्या झाकणांची वेष्टने ठेवतात. तीही न जमल्यास ती व्यक्ती गणनेतूनच वगळली जाते. म्हणजे ज्या हातांची निकड सर्वाधिक, तेच टक्केवारीत नाहीत. याला तांत्रिक बारकावा म्हणणे कठीण आहे.

झाकण उघडण्याची अनेक साधने पकड रुंदावतात, फिरवण्याचे श्रम कमी करतात. दाबण्याचे काम मात्र संधिवाताने दुखणाऱ्या तळहातावरच राहते. साधे झाकण मागण्याची मुभा कायद्यात आहे. ती घेतली की घरी येणाऱ्या नातवंडांचा धोका परततो. (त्यासाठीच तर सारा खटाटोप!) म्हणून नव्या साधनाच्या संशोधकाने सत्तरीपुढील, बोटे वाकलेल्या व्यक्तींपासूनच आरंभ करावा, त्यांना देता येणारा दाब आधी मोजावा आणि झाकण पुन्हा नीट बसते की नाही, तेही तपासावे.